पेढीवरील संगणकाचा ताप

चोपडीला कधी ऊन बाधले नाही. लाल कापडी बांधणीचा रोजमेळ चैत्राच्या उन्हात राहो की आषाढाच्या ओलीत, फार तर पाने थोडी वाकत. लिहिलेला आकडा जागचा हलत नसे. आता आपल्या बहुतेक पेढ्यांवर चोपडीचे काम संगणकाकडे गेले आहे. दिवाळीत पूजनाला चोपडी आजही मांडली जाते, परंतु हिशेब असतो तो यंत्रात. बिल, ई-वे बिल, उधारीची यादी, ११ तारखेचे आणि २० तारखेचे जीएसटी विवरण, सारे त्याच एका पेटीतून निघते. या पेटीला उष्णता सोसत नाही, ही साधी गोष्ट मात्र आपण अद्याप कारभारात धरलेली नाही. उन्हाळा तोंडावर आहे. म्हणून या विषयावर चार अनुभवाच्या गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहे. मी अभियंता नव्हे. एम.कॉम. होऊन बँकेत शिरलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे जे सांगेन ते आवक-जावकेच्या भाषेतच सांगेन.

बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. त्यानंतरच्या वर्षांत शाखाशाखांत खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रे येऊ लागली. आमच्या शाखेत यंत्र आले तेव्हा त्याच्यासाठी काचेची स्वतंत्र खोली बांधली गेली, वातानुकूलन बसले आणि आत जाताना पादत्राणे बाहेर काढण्याचा दंडक पडला. शाखाधिकारी छताच्या पंख्याखाली घाम पुशीत बसत आणि यंत्र गारव्यात असे. याचा आम्हा तरुण कर्मचाऱ्यांना तेव्हा मोठा विनोद वाटे. परंतु त्यामागे अनुभव होता. अमेरिकेत १९४६ साली लोकांसमोर आलेल्या ‘एनियाक’ या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्याला दीडशे किलोवॅटच्या घरात वीज लागे आणि तिची उष्णता हटवण्यासाठी पंख्यांची वेगळी यंत्रणा बसवावी लागली होती. संगणक जन्मला तोच ताप घेऊन. पुढे तो लहान झाला, स्वस्त झाला, आणि त्याच्या गारव्याची काळजीही त्याच प्रमाणात आपण सोडून दिली.

ही उष्णता येते कोठून, ते आधी पाहू. पंपाला दिलेल्या विजेतून पाणी वर चढते, चक्कीला दिलेल्या विजेतून दाणा दळला जातो. संगणक आकडे फिरवतो. पण आकड्यांना वजन नसते. त्यामुळे त्यात शिरलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. कार्यालयीन संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष गणित करणारा तुकडा, पुष्कळदा ६५ वॅटचा असतो. जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या दिव्याला चुकून हात लागलेल्यांना त्याचा चटका आठवत असेल. तेवढी किंवा थोडी अधिक उष्णता येथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत निर्माण होते. तिला बाहेर नेण्यासाठी एक साखळी असते. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचे झाकण, त्यावर थर्मल पेस्टचा पातळ लेप, त्यावर पात्या-पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्याला हीट सिंक म्हणतात, आणि त्याला वारा घालणारा पंखा. पंखा ती ऊब पेटीतल्या हवेत टाकतो, पेटीतली हवा मागच्या पंख्याने खोलीत जाते आणि खोलीतली हवा खिडकीवाटे बाहेर.

व्यापाऱ्याला हे समजण्यास अवघड नाही. उष्णता हा माल आहे. प्रोसेसरमध्ये त्याची आवक सतत चालू असते. वाटेत कोठेही जावक अडली, तर माल साचतो. थर्मामीटरवर आपण जे तापमान वाचतो, ती या मालाची शिल्लक. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पंखा कितीही चांगला असला, तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३० अंशांवरून ४० अंशांवर गेली, की आतले तापमानही सुमारे १० अंशांनी वर सरकते. म्हणून जो संगणक पौषात निमूटपणे काम करतो, तोच चैत्रात दगा देतो.

दगा हा शब्दही खरा नव्हे. तापमान शंभर अंशांच्या जवळ पोचू लागले, की आजचे बहुतेक प्रोसेसर प्रथम स्वतःचा वेग कमी करतात. आपण म्हणतो, संगणक ‘संथ झाला’. तेवढ्याने भागले नाही, तर स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी यंत्र आपणहून बंद पडते. ही त्याची शेवटची सावधगिरी असते. दुर्दैवाने ते बंद पडताना कोणतेही कारण लिहून ठेवीत नाही, आणि कारण दिसले नाही की माणसाचे बोट दुसऱ्या माणसाकडे वळते. गेल्या वर्षी आमच्या घरात नेमके तेच घडले.

माझ्या थोरल्या बंधूंची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी आहे. बंधू आता नाहीत. पुतण्या कारभार पाहतो. बंधूंच्या वेळेपासूनचे दिवाणजी अद्याप पेढीवर आहेत. पन्नाशी उलटल्यावर ते टॅली शिकले, आणि माझ्या पाहण्यात त्यांच्या नोंदीत कधी चूक आलेली नाही. एप्रिलमध्ये मी पेढीवर सहज गेलो होतो, तेव्हा वातावरण गढूळ दिसले. हळदीचा ऐन हंगाम, वर्षअखेरीची कामे शिल्लक, आणि संगणक दिवसातून दोन-दोनदा मध्येच बंद पडत होता. अर्धवट राहिलेल्या नोंदी पुन्हा कराव्या लागत. एकदा तर टॅलीतील माहिती बिघडून आदल्या दिवसाच्या प्रतीवरून सारे उभे करावे लागले होते.

पुतण्याने मला बाजूला घेऊन सांगितले, “काका, मी सकाळी बसतो तेव्हा काही होत नाही. दिवाणजी दुपारी बसले की हमखास बंद. ते काहीतरी भलतेच दाबतात. आता वय झालं त्यांचं.” दुरुस्तीच्या कारागिराने यूपीएसची बॅटरी बदलून पाहिली होती. तिने गुण न आल्यामुळे त्याने नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला होता आणि ४२,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला होता. पुतण्याने आणखी एक गोष्ट ठरवली होती, ती त्याने हळूच सांगितली. पुढच्या महिन्यापासून एक तरुण मुलगा संगणकावर बसणार होता आणि दिवाणजींना ‘विश्रांती’ देण्यात येणार होती. दिवाणजी समोर गादीवर बसून बिले लावीत होते. त्यांच्या कानावर यातले काय पडले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते.

बँकेत आम्हाला एक शिकवण होती. संध्याकाळी मेळ बसला नाही आणि फरकाचे कारण सापडले नाही, तर ती रक्कम उचंत खात्यात टाकावी; कोणाच्या नावावर टाकू नये. नावावर टाकली, की शोध थांबतो. मी पुतण्याला म्हणालो, “चार दिवस थांब. तू दुपारी बस, दिवाणजी सकाळी बसतील. यंत्र केव्हा बंद पडते ते एका कागदावर लिहायचे.” तो हसला. “काका, बँक सुटली, पण तपासणी काही सुटली नाही तुमची.” तथापि माझ्या शब्दाला त्याने मान दिला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीच वाजता, दारात ट्रक उभा असताना, ई-वे बिल भरता भरता पुतण्याच्या हाताखाली यंत्र बंद पडले. लगेच चालू केले, तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. सकाळी दिवाणजींनी तीन तास काम केले होते आणि यंत्राने हूं की चूं केले नव्हते. पुतण्या काही वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दिवाणजी, जरा इकडे या. हे बघा, माझ्याकडूनही झालं.” दिवाणजी उठून आले, त्यांनी पाहिले आणि “होय मालक” एवढेच बोलून ट्रकवाल्यासाठी चहा सांगायला गेले. चौथ्या दिवसापर्यंत कागदावर सहा नोंदी झाल्या. सहाही दुपारी एक ते चारच्या दरम्यानच्या होत्या. दोष बसणाऱ्याचा नव्हता, वेळेचा होता. आणि दुपारचा सर्वांत मोठा फरक म्हणजे ऊन.

मग मी यंत्र कोठे ठेवले आहे ते पाहिले. सुतारकामात नीट बसावे म्हणून कॅबिनेट गल्ल्याखालच्या लाकडी कप्प्यात, दार लावून, जमिनीवर ठेवलेले होते. मागची बाजू भिंतीला टेकलेली, शेजारी यूपीएस, आणि तोही स्वतःची ऊब सोडणारा. वर देवाच्या तसबिरीपुढे अगरबत्ती, सभोवती हळदीची धूळ. यंत्र जी गरम हवा बाहेर टाकत होते, तीच दाराआड फिरून पुन्हा आत घेत होते.

येथे कोणालाही एकदम सगळे उपाय करण्याचा मोह होतो. मला तो नको होता. ताळेबंदातील फरक शोधताना एका वेळी एकच बाजू तपासतात, नाहीतर काय केल्याने मेळ बसला ते कधीच कळत नाही. कारागिराकडून प्रोसेसरचे तापमान दाखवणारी एक मोफत आज्ञावली संगणकात घालून घेतली. रोज दुपारी अडीच वाजता, तेच काम देऊन, म्हणजे साऱ्या वर्षाचा साठा-अहवाल काढून आणि माहितीची प्रत घेऊन, आकडा वहीत लिहायचा असे ठरले. ही वही दिवाणजींनी आपणहून मागून घेतली. त्या आठवड्यात पेढीतले तापमान दुपारी ३८ अंशांच्या आसपास होते.

आहे त्या स्थितीत आकडा ९७ वर गेला आणि यंत्र बंद पडले. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून हातभर दूर, चार इंच उंच पाटावर ठेवले. बाकी काही केले नाही. आकडा ८८. तिसऱ्या दिवशी आतली धूळ काढली. आकडा ७७. चौथ्या दिवशी जुना हीट सिंक बदलून मोठा बसवला. आकडा ६७. पाचव्या दिवशी पेटीला दोन पंखे लावले, तेव्हा ६३. एकूण ३४ अंशांची घट झाली, आणि तिच्यातले २० अंश पहिल्या दोन दिवसांत, एक रुपयाही न खर्चता.

धूळ काढण्याचे काम कसे केले ते सविस्तर सांगतो, कारण घरोघरी उपयोगी पडेल ते तेच आहे. प्रथम संगणक रीतसर बंद करून विजेची वायर मागून काढून टाकली आणि चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी अंगणात नेली. एका बाजूचे झाकण दोन स्क्रूंवर असते, ते उघडले. हळदीच्या धुळीत मुळातच तेलाचा अंश असतो; त्यात अगरबत्तीचा धूर मिसळून हीट सिंकच्या पात्यांवर पिवळट नमद्यासारखा थर बसला होता. त्यातून हवा जाण्यास वाटच नव्हती. कोपऱ्यात एका कोळ्याने घर केले होते, त्याला आधी कागदावर घेऊन कुंडीत सोडले. मग मऊ कोरड्या कुंचल्याने थर सैल करून हातपंपाच्या फुंकणीने उडवला. फुंकर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने तो भरधाव फिरला तर त्याची धारवे बिघडतात. ओले फडके आत घालू नये. वीज ज्यातून आत येते ती एसएमपीएस नावाची डबी तर कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज शिल्लक असू शकते. तिची धूळ बाहेरच्या जाळीवरूनच काढावी.

हीट सिंक बदलण्याचे काम कारागिराने माझ्यासमोर केले. जुना ठोकळा चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर बसवलेला होता आणि त्यांतला एक तुटलेला होता. त्यामुळे ठोकळा एका कोपऱ्यात किंचित उचलला गेला होता. खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. या पेस्टचे महत्त्व पुष्कळांना ठाऊक नसते. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात, आणि त्या खळग्यांत हवा अडकते. ॲल्युमिनियम हवेच्या हजारो पट अधिक चांगली उष्णता वाहून नेते. म्हणजे ही अडकलेली हवा वाटेतील खोडाच ठरते. पेस्ट ती हवा हटवते. पेस्ट धातूइतकी चांगली वाहक नसते, म्हणून ती जाड थापणे हेही नुकसानीचेच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी ठेवली आणि वरून ठोकळा सरळ दाबून बसवला, एवढे पुरले.

पंख्यांच्या बाबतीत दिशा महत्त्वाची. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर हवा कोणीकडे जाते त्याचा बाण असतो. पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा असावा. दोन्ही एकमेकांविरुद्ध लावले, तर आवाज वाढतो, गारवा वाढत नाही. पुढच्या पंख्यासमोर आम्ही धुता येणारी बारीक जाळी लावली. धुळीच्या व्यवसायात ती आवश्यकच. मात्र ती दर आठवड्याला झटकली नाही, तर तीच हवेची वाट अडवते. पुष्कळ पेढ्यांवर पेटीचे झाकण काढून शेजारी टेबलपंखा लावून ठेवलेला दिसतो. एखाद्या दिवसाची अडचण त्याने निभते. कायमचा उपाय म्हणून तो चांगला नाही, कारण जेवढा वारा तेवढीच धूळ आत जाते आणि महिन्याभरात पुन्हा पहिलाच प्रसंग.

आता जमाखर्च. हीट सिंक पेस्टसह १,६५० रुपये, दोन पंखे ९०० रुपये, कारागिराची मजुरी ५०० रुपये. सुताराने लाकडी कप्प्याची मागची फळी कापून दाराला जाळी बसवली, त्याचे ४५० रुपये. एकूण ३,५००. कप्प्यात परत ठेवल्यावर, दार लावून, आकडा ६५ आला. समोर ४२,००० रुपयांचा अंदाज होता. खरे म्हणजे नवा संगणक आणून त्याच बंद कप्प्यात ठेवला असता, तर हळद आणि ऊन यांनी त्याचीही गत तीच केली असती. नवे यंत्र आले तरी जावकेची वाट जुनीच राहिली असती.

यावरून प्रत्येक बिघाड उष्णतेचाच असतो असे कोणी समजू नये. गार सकाळी, चालू करताक्षणीच यंत्र बंद पडत असेल, तर दोष वीजपुरवठ्यात, एसएमपीएसमध्ये किंवा अन्य भागात शोधावा. यंत्र इतके जुने झाले असेल की नव्या आज्ञावल्या त्यावर चालतच नाहीत, तर नवे घेणे हाच व्यवहार. उष्णतेची ओळख निराळी असते. काम वाढले की आणि दुपार झाली की त्रास वाढतो, पंख्याचा आवाज चढतो, यंत्र आधी संथ होते आणि मग बंद पडते. अर्धा तास विसावल्यावर पुन्हा नीट चालते. कॅबिनेटच्या मागे तळहात धरावा. काम जोरात चालू असूनही तेथे उबदार वारा लागत नसेल, तर जावक अडली आहे असे समजावे.

आणि यंत्र बंद पडत नाही म्हणून उष्णता सोसत राहणेही बरे नव्हे. आतल्या मुख्य फळीवर विजेचे लहान-लहान साठवण घटक असतात. त्यांच्यापैकी द्रव भरलेल्या घटकांविषयी ढोबळ नियम असा, की दर १० अंश वाढीमागे त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणजे तापलेले यंत्र आज चालत असले, तरी उद्याचे भांडवल खात असते.

वाचकांनी आपल्या पेढीवर एवढे जरूर करावे. यंत्र बंद कप्प्यात असेल तर त्याला पुढून आणि मागून हवेची वाट द्यावी. ते जमिनीपासून थोडे उंच आणि भिंतीपासून दूर ठेवावे. उदबत्ती, यूपीएस आणि थेट ऊन यांपासून अंतर राखावे. वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या सुमारास आणि एकदा दिवाळीच्या झाडलोटीत, आतली धूळ काढावी. धूळ किंवा पिठाचा व्यवसाय असेल तर दर तीन महिन्यांनी. माहितीची प्रत रोज संध्याकाळी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. यंत्र किती जपले तरी ते यंत्रच आहे.

आमच्या पेढीवर तो तरुण मुलगा जूनमध्ये आला. त्याला दिवाणजींच्या हाताखाली बसवले आहे. तापमानाची वही दिवाणजींनी अद्याप चालू ठेवली आहे. रोज दुपारी अडीचचा आकडा त्यात असतो. यंदाच्या मार्चमध्ये तो ७० च्या वर चढलेला दिसला, तेव्हा कोणी काही सांगण्याआधी त्यांनी पुतण्याला वही दाखवली. त्याच दिवशी पुढची जाळी काढून धुण्यात आली.